ऑपरेशननंतर आईला डेलिरियम (अचानक येणारा भ्रम) झाला होता, आता दुसरं ऑपरेशन आहे. याच्यावरच्या क्लिनिकल ट्रायल कुठे शोधायच्या, तिला घेतील का?

जाईजुई

आई ७८ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशन छान झालं, संध्याकाळी माझ्याशी नीट बोलली, तू जेवलीस का म्हणून मलाच विचारत होती. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला मला जाग आली तर ती चादरीवरून काहीतरी वेचत होती, एकेक धागा चिमटीत धरून बाजूला ठेवावा तसं, आणि चादरीवर काहीच नव्हतं. मी हात धरला तर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई तुम्ही कोण, माझ्या मुलीला बोलवा." ते वाक्य अजून कानातून जात नाही.

चार दिवस असं चाललं. सकाळी बरी असायची, दुपारपासून परत बिघडायचं. सलाईन ओढून काढली म्हणून तिचे हात बांधले. विचारलं की एकच उत्तर मिळायचं, वयामुळे होतं, जाईल. गेलं खरं, पण पुढचे तीन-चार महिने ती आधीची आई नव्हती, हिशोब करताना अडखळायची, ऐकलेली गोष्ट अर्ध्यावर सुटायची. डिस्चार्जच्या कागदावर डेलिरियम हा शब्दसुद्धा नाही, तो मला नंतर वाचून कळला.

आता सहा आठवड्यांनी डाव्या खुब्याचं ऑपरेशन आहे. जगात यावर अभ्यास चाललेत म्हणतात, औषधांचे, भूल देण्याच्या पद्धतींचे. मला विचारायचंय की अशा ट्रायल शोधायच्या कुठे, सामान्य माणसाला तिथलं कळतं का, आणि एकदा डेलिरियम होऊन गेलेल्या बाईला घेतात का? भाऊ म्हणतो आईवर प्रयोग नकोत. मला तो चुकीचा वाटत नाही पण मागच्या वेळसारखं काहीच न करता बसून राहणंही जमणार नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज लिहा.

पाचवा_मजला

ताई, चादरीवरचे धागे वाचून अंगावर काटा आला, माझे वडील हवेतले धागे ओढायचे.

मी या वाटेने गेलोय. वडिलांच्या हृदयाची झडप बदलायची होती तेव्हा ते एका ट्रायलमध्ये होते. सगळ्यात आधी एक सांगतो कारण मला ते फार उशिरा कळलं. यातल्या बहुतेक ट्रायल डेलिरियम होऊ नये यासाठीच्या असतात, म्हणजे माणूस ऑपरेशनच्या आधीच नोंदवावा लागतो. ऑपरेशन झालं, भ्रम सुरू झाला आणि मग शोधायला बसलं तर जवळजवळ सगळी दारं बंद झालेली असतात. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत, हे खूप आहे, पण आजच सुरुवात करा.

शोधायचं कुठे तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकन सरकारची नोंदणी आहे, २००० सालापासून सगळ्यांना खुली आहे आणि त्यात फक्त अमेरिकेतल्या ट्रायल नसतात, जगभरातल्या असतात. दुसरं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी नावाचं शोध पोर्टल, ते वेगवेगळ्या देशांच्या नोंदण्या एकत्र दाखवतं, तिथे एकदा शोधलं की बरंच काम होतं. नुसतं डेलिरियम टाकू नका, दारू सोडतानाचं डेलिरियम, आयसीयूतलं, सगळं येऊन पडतं. इंग्रजीत पोस्टऑपरेटिव्ह डेलिरियम टाका, मग पेरिऑपरेटिव्ह न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर टाका, २०१८ नंतर डॉक्टर लोक हा नवीन शब्द वापरायला लागले त्यामुळे काही अभ्यास त्याच नावाखाली सापडतात. इमर्जन्स डेलिरियम दिसलं तर सोडून द्या, ते भुलीतून जागं होतानाचं असतं आणि त्यातल्या बऱ्याच ट्रायल लहान मुलांच्या असतात.

मग स्टेटस बघायचं. रिक्रूटिंग म्हणजे माणसं घेणं चालू आहे. ॲक्टिव्ह नॉट रिक्रूटिंग दिसलं की आपण खूश होतो पण ती भरलेली असते, काम चालू पण नवीन कोणी नको. अननोन म्हणजे संपायची तारीख उलटली आणि दोन वर्षांत कोणी माहितीच ताजी केली नाही. शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघायची सवय लावा, मी एका ट्रायलला चार ईमेल पाठवले आणि ती कधीच गुंडाळली होती.

आणि मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट. ट्रायल छान वाटली म्हणून आपण तिथे जाऊ शकतोच असं नाही. कॅन्सरच्या ट्रायलसाठी लोक लांबून जातात, इथे तसं चालत नाही कारण ट्रायल म्हणजे त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच भूलतज्ज्ञांच्या हाताखाली होणारं ऑपरेशन. त्यामुळे नोंदणीत ट्रायल शोधून मग हॉस्पिटल शोधण्यापेक्षा जिथे आईचं ऑपरेशन ठरलंय तिथल्या भूल विभागाला सरळ विचारा की तुमच्याकडे डेलिरियमवर काही अभ्यास चालू आहे का आणि त्याचा कोऑर्डिनेटर कोण. सर्जनला विचारून मला काहीच कळलं नव्हतं, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांना विचारलं तर दोन मिनिटांत नंबर मिळाला. ऑपरेशनची जागा अजून पक्की नसेल तर मग नोंदणीतल्या हॉस्पिटलांची यादी बघून ठरवायला हरकत नाही.

भूल_आणि_जाग

मी भूलतज्ज्ञ होतो, तीस वर्षं हेच केलं, आता निवृत्त आहे. जाईजुई, "वयामुळे होतं" हे उत्तर माझ्याही तोंडून सुरुवातीच्या वर्षांत गेलेलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. वय हे एक कारण आहे, पण एकटं वय नाही. आधीपासून कमी झालेली स्मरणशक्ती, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, झोपेच्या गोळ्या, जंतुसंसर्ग, न आवरलेली वेदना, लघवीची नळी, शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडणं, हे सगळं एकावर एक रचत जातं आणि एखाद्या रात्री तोल जातो. आधी एकदा डेलिरियम झालेला असणं हीसुद्धा धोक्याची मोठी खूण आहे, म्हणून तो शब्द डिस्चार्जच्या कागदावर नसला तरी तुम्ही नवीन भूलतज्ज्ञांना तोंडाने सांगा आणि लिहून द्या, तारखांसकट, किती दिवस, दिवसा कसं, रात्री कसं.

ट्रायल काय शोधतायत ते थोडं समजून घ्या म्हणजे संमतीपत्र वाचताना कळेल. डेक्समेडेटोमिडीन नावाचं गुंगीचं औषध आहे. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधला अभ्यास आला, हृदयाव्यतिरिक्त दुसऱ्या ऑपरेशननंतर आयसीयूत आलेले ६५ वर्षांवरचे ७०० रुग्ण, औषध मिळालेल्यांत ९ टक्के आणि न मिळालेल्यांत २३ टक्के डेलिरियम. आम्ही सगळे आनंदलो. मग २०२० साली त्याच लॅन्सेटमध्ये डिकेड ट्रायल आली, हृदयाच्या ऑपरेशनचे जवळपास ८०० रुग्ण, तिथे औषधवाल्यांत १७ आणि प्लासिबोवाल्यांत, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस मिळालेल्यांत, १२ टक्के, म्हणजे फायदा दिसलाच नाही. औषध एकच, पण रुग्ण, डोस आणि द्यायची वेळ वेगळी.

केटामीन या भुलीच्या औषधाचंही तसंच. २०१७ च्या पॉडकास्ट ट्रायलमध्ये ६७२ रुग्ण होते, डेलिरियम कमी झालं नाही आणि भास, वाईट स्वप्नं मात्र वाढली. ऑपरेशन चालू असताना मेंदूचा आलेख बघून भूल हलकी ठेवायची ही कल्पना तर मला स्वतःला फार पटलेली होती, २०१९ च्या एन्गेजेस ट्रायलमध्ये १,२३२ रुग्णांवर ती तपासली, आलेख बघितलेल्यांत २६ टक्के, न बघितलेल्यांत २३. तुमच्या आईच्या बाबतीत लोक हमखास सांगतील की कमरेतून भूल द्या म्हणजे भ्रम होणार नाही. २०२१ च्या रीगेन ट्रायलमध्ये खुबा मोडलेले १,६०० रुग्ण होते, कमरेतून भूल दिलेल्यांत २०.५ टक्के आणि पूर्ण भूल दिलेल्यांत १९.७.

हे आकडे निराश करायला दिलेले नाहीत. तुमच्या भावाला दाखवा. आम्हाला खात्रीने पटलेल्या गोष्टी तपासल्यावर चुकीच्या निघाल्या, आणि त्या तपासता आल्या त्या कोणाच्या तरी आईवडिलांनी हो म्हटल्यामुळे. त्याच वेळी हेही खरं की ट्रायलमध्ये गेल्याने तुमच्या आईला फायदा होईलच असं कोणी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ट्रायल म्हणजे उपचार नव्हे, उत्तर माहीत नाही म्हणून विचारलेला प्रश्न आहे तो.

ज्याचा उपयोग बऱ्यापैकी पक्का आहे ते साधं आहे आणि ट्रायल असो नसो मागून घ्यायचं. चष्मा आणि कानातलं यंत्र शुद्धीवर आल्याबरोबर लावणं, लवकर उठवून बसवणं, पाणी पुरेसं पोटात जाणं, रात्री उगाच न उठवणं, नळ्या लवकर काढणं, समोर घड्याळ, जवळ ओळखीचा चेहरा. डॉ. शॅरन इनोये यांनी १९९९ साली ८५२ वृद्ध रुग्णांवर हेच करून दाखवलं, डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ते ऑपरेशनचे रुग्ण नव्हते, पण २००१ साली खुबा मोडलेल्या १२६ रुग्णांत वृद्धरोगतज्ज्ञांना आधीपासून सामील करून घेतलं तेव्हाही ५० वरून ३२ टक्के झालं होतं.

जाईजुई

डॉक्टर, हे दोनदा वाचलं. कानातलं यंत्र! मागच्या वेळी ते ऑपरेशनच्या आधी काढून डबीत ठेवलं आणि ती डबी चार दिवस माझ्याच पर्समध्ये होती. कोणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तिला आम्ही काय बोलतोय ते ऐकूच येत नव्हतं.

फाईलवाली

मी अशाच अभ्यासांमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, म्हणजे संमतीपत्र घेऊन तुमच्यासमोर बसणारी बाई. जाईजुई, पर्समधल्या डबीबद्दल स्वतःला दोष देऊ नका, ते विचारायचं काम आमच्या लोकांचं होतं.

आईला घेतील का याचं उत्तर प्रत्येक अभ्यासाच्या निकषांत असतं, नोंदणीच्या पानावर एलिजिबिलिटी म्हणून खाली यादी असते, ती आधी वाचा. वय बहुधा ६० किंवा ६५ च्या वर. आधी डेलिरियम झालेलं असेल तर काही अभ्यासांना असेच रुग्ण हवे असतात कारण धोका जास्त, काहींना चालत नाहीत. बाद होण्याची नेहमीची कारणं म्हणजे डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान, स्मरणशक्तीच्या चाचणीत ठराविक आकड्याच्या खाली गुण, चाचणी ज्या भाषेत आहे ती न येणं, यंत्र लावूनही ऐकू न येणं, आणि औषधाच्या अभ्यासात हृदयाचे ठोके फार कमी असणं किंवा यकृताचा त्रास. डेक्समेडेटोमिडीन ठोके कमी करतं म्हणून तिथे हे फार काटेकोरपणे बघतात. सगळ्या गोळ्यांची यादी डोससकट नेली तर पहिल्या फोनवरच अर्धं कळून जातं.

पुढे काय होतं ते सांगते. आधी स्क्रीनिंग, मग संमती, मग ऑपरेशनच्या आधी स्मरणशक्तीची एक चाचणी, पाऊण तास वगैरे. ही आधीची चाचणी महत्त्वाची आहे कारण नंतरची तुलना तिच्याशीच होते. मग कोण कोणत्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी उचलल्यासारखं, तुमच्या सांगण्यावरून नाही आणि डॉक्टरांच्याही नाही. ऑपरेशननंतर रोज एकदा किंवा दोनदा कोणीतरी येऊन कॅम नावाच्या पद्धतीने तपासतं, लक्ष लागतंय का, विचार सुसंगत आहे का, अचानक बदल झालाय का. माझ्या अनुभवात घरच्यांना यातच खरा आधार वाटतो, कारण गप्प पडून राहणारं डेलिरियमही असतं, रुग्ण शांत झोपलाय असं सगळ्यांना वाटतं आणि ते निसटतं, रोज विचारणारं माणूस असलं की ते सापडतं. नंतर एक महिना, कधी सहा महिने, वर्षाने फोन किंवा भेट.

औषध नको असेल तरी रस्ता आहे. निरीक्षणाचे अभ्यास असतात, त्यात काही देत नाहीत, फक्त चाचण्या, रक्ताचा नमुना, कधी मेंदूचा आलेख. अमेरिकेतला सेजेस नावाचा अभ्यास तसाच आहे, ठरवून ऑपरेशन केलेले ७० वर्षांवरचे ५६० रुग्ण आणि त्यांचा पुढे कितीतरी वर्षांचा मागोवा. डेलिरियममधून उठलेल्या माणसाचं पुढे काय होतं, तुमच्या आईचे ते तीन-चार महिने, हे अशाच अभ्यासांतून कळत गेलंय.

संमतीपत्र घरी न्या, रात्रभर ठेवा. इथेच सही करा म्हणून कोणी घाई करत असेल तर सही करू नका. विचारायचं ते विचारा, ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण करणार, जादाच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार, रक्ताचा नमुना किती वर्षं ठेवणार, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा संपर्क काय. भाग घेण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर तिथून उठा. मध्येच कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता, आणि त्याने आईच्या उपचारात फरक पडता कामा नये.

आणि सही आईची, तुमची नाही. आता तिचं डोकं स्वच्छ आहे, तिला समजतंय, तोवर तिच्याशी बोला. तिला हेही विचारून ठेवा की मध्ये भ्रम झाला आणि तेव्हा चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवायची वेळ आली, तर तुझ्या वतीने कोणी बोलायचं.

उंबरठा

वरचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझे सासरे पडले, खुबा मोडला, रात्रीतून ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी ते भ्रमात होते, अण्णा अण्णा म्हणून स्वतःच्या वडिलांना हाका मारत होते, आणि कॉरिडॉरमध्ये एकजण कागद घेऊन आला, अभ्यास आहे, नातेवाईकांची सही लागेल. मी केली. मला दोन रात्रींची झोप नव्हती, समोरच्याने जे सांगितलं त्यातलं शांत होतील एवढंच ऐकू आलं. ते बरे झाल्यावर त्यांना कळलं तेव्हा म्हणाले मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले. काही वाईट झालं नाही त्यांना, पण ते हो म्हणणार की नाही हे मला माहीत नव्हतं आणि मी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं.

मी ट्रायलच्या विरोधात नाही. पण जाईजुई तुम्हाला विचारायला वेळ मिळालाय, मला मिळाला नव्हता. तुमचं नि तुमच्या भावाचं काय मत आहे त्याच्या आधी आईला विचारा.

भूल_आणि_जाग

उंबरठा, तुमच्याकडून सही घेतली गेली ती पद्धत चुकीची होती, तुम्ही नाही. माणूस स्वतः संमती द्यायच्या स्थितीत नसेल तर नातेवाईकाची संमती घेणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसतं, पण त्याला बसवून, वेळ देऊन, आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतः विचारून.

भावाच्या भीतीबद्दल एक राहिलं होतं. ट्रायल चालू असताना त्यात नसलेली तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे बघते आणि धोका दिसला तर ट्रायल थांबवायला सांगते. नेदरलँड्समध्ये आयसीयूतल्या डेलिरियमसाठी रिव्हास्टिग्मीन नावाचं औषध तपासत होते, १०४ रुग्णांवर आल्यावर दिसलं की औषध मिळालेल्यांत मृत्यू जास्त, २२ टक्के विरुद्ध ८, आणि तिथल्या तिथे थांबवली, २०१० मध्ये छापून आलं. मी हे लपवणार नाही, धोका असतो आणि त्या लोकांचे जीव गेले. म्हणून संमतीपत्रात अशी समिती आहे का ते बघा, आणि हेच औषध आधी किती लोकांना ऑपरेशनच्या वेळी दिलं गेलंय तेही विचारा. भुलीत वर्षानुवर्षं वापरलं जाणारं औषध वेगळ्या वेळी देऊन बघणं आणि अगदी नवं औषध देणं यात फरक आहे.

जाईजुई

अडीच आठवड्यांनी लिहितेय, सॉरी.

आईला विचारलं. मी तयारी करून बसले होते, तिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, मला त्यातलं थोडं आठवतं, तुम्हाला वाटतं तसं पुसलं गेलेलं नाहीये. आम्ही दीड वर्ष तिच्यासमोर तो विषय काढत नव्हतो. ती म्हणाली खोलीत पाणी भरत चाललं होतं आणि सगळे पाण्यात उभे राहून शांतपणे बोलत होते, मी ओरडून सांगत होते आणि तुम्ही माझे हात बांधलेत. मग जरा वेळाने म्हणाली, हे कोणाला सांगून उपयोग होणार असेल तर सांगते मी, विचारा म्हणावं काय विचारायचं ते. भाऊ शेजारीच होता. त्यानंतर तो प्रयोग हा शब्द बोलला नाही.

भूल विभागात फोन केला, पाचवा_मजला म्हणाले तसंच, सर्जनच्या ऑफिसला काहीच माहीत नव्हतं आणि भूल विभागातून त्याच दिवशी कोऑर्डिनेटरचा फोन आला. औषधाच्या ट्रायलमध्ये आई बसली नाही. ब्लडप्रेशरसाठी जी गोळी घेते त्याने ठोके आधीच कमी आहेत, ५० च्या आतबाहेर, त्यांनी ईसीजी बघून लगेच सांगितलं. मला रडू आलं, आईला नाही. पण तिथेच निरीक्षणाचा एक अभ्यास चालू आहे, ऑपरेशनच्या आधी चाचणी, नंतर पाच दिवस रोज दोनदा तपासणी आणि मग एक वर्षभर फोन. कागद तीन दिवस घरी ठेवले, आईने भिंग घेऊन स्वतः वाचले, रक्ताच्या नमुन्याच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारलं की हे कशाला, आणि उत्तर पटल्यावर सही केली. तिच्या वतीने बोलायला तिने भावाचं नाव लिहिलंय, माझं नाही. म्हणाली तू घाबरतेस.

भूलतज्ज्ञांना मागच्या वेळचं सगळं लिहून दिलं, तारखांसकट. त्यांनी रात्रीची झोपेची गोळी आत्तापासून हळूहळू कमी करायला सांगितली आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने आधी डेलिरियम झालेलं आहे असं लिहिलं. कानातल्या यंत्राच्या डबीवर तिचं नाव आणि शुद्धीवर आल्यावर लगेच लावणे असं चिकटवलंय, ती रिकव्हरीतल्या नर्सच्या हातात द्यायची असं ठरलंय.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात ९ तारखेला आहे. फाईलवाली, एक विचारायचं होतं, ते रोज तपासायला येतील तेव्हा मी खोलीत थांबले तर चालतं का, की आई माझ्याकडे बघून उत्तरं देईल म्हणून बाहेर जायचं?

फाईलवाली

आईच्या प्रश्नांच्या वेळी दाराबाहेर थांबा, नाहीतर त्या खरंच तुमच्याकडे बघतील. पण ते झालं की तुम्हाला आत बोलावून विचारायला हवं की कालच्यापेक्षा आज वेगळं काही वाटतंय का, कारण अचानक झालेला बदल घरच्यांनाच आधी कळतो. नाही बोलावलं तर स्वतःहून जाऊन सांगा. रात्रीचं काही दिसलं तर वेळ लिहून ठेवा.